नॅशनल गॅलरी, लंडन: मावशीची सव्वीस कार्डं घेऊन गेले होते

एन्ट्री फ्री आहे, अगदी खरंच फ्री, हे सगळ्यात आधी सांगते कारण आपली माणसं ट्रॅफल्गर स्क्वेअरला येतात, त्या चार मोठ्या सिंहांजवळ फोटो काढतात, मागच्या खांबांच्या बिल्डिंगकडे बघून म्हणतात आत तिकीट असणार, आणि बिग बेनकडे चालायला लागतात. मीसुद्धा 2011 ला तेच केलं होतं. ऑफिसच्या कामाला गेले होते, मावशी बरोबर होती, ती म्हणाली चल आत, एकच दाखवते, दहा मिनिटं लागतील, आणि मी म्हणाले पुढच्या वेळी गं. मावशी 2023 ला गेली. पुढची वेळ आत्ता आली, मी, नवरा आणि लेक, आणि पिशवीत मावशीने आईला पाठवलेली सव्वीस पोस्टकार्डं. त्यामुळे हा रिव्ह्यू गॅलरीचा आहे तेवढाच मावशीचाही आहे, वेगळं करून लिहायचा प्रयत्न केला पण जमत नाहीये.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या जवळची. मिरजेला नर्सिंगचं शिकली, बाळंतपणं करण्यात तिचा हात चांगला होता असं आई अजून सांगते, आणि 1967 ला एकटी लंडनला गेली. तेव्हा इथून बाहेर जाणाऱ्या माणसाला बरोबर तीन पौंड नेता यायचे, परकीय चलनाचा तसा नियमच होता. तीन पौंड, एक पत्र्याची ट्रंक, आजीने बांधून दिलेली कारळ्याची चटणी. तिकडची एनएचएस, म्हणजे त्यांची सरकारी दवाखान्यांची व्यवस्था, 1948 ला सुरू झाली आणि पहिल्यापासून तिला नर्स कमीच पडत होत्या, म्हणून आयर्लंड, वेस्ट इंडीज, मलेशिया, मॉरिशस आणि आपल्याकडच्या मुली तिकडे गेल्या. मावशी त्यातलीच एक. गेल्यावर तिला कळलं की आपल्याला ज्या कोर्सला घातलंय तो दोन वर्षांचा आहे, एसईएनचा, म्हणजे स्टेट एन्रोल्ड नर्सचा, आणि तीन वर्षांचा एसआरएन, म्हणजे स्टेट रजिस्टर्ड नर्स, हा वेगळा असतो, पुढे वॉर्डची मुख्य सिस्टर व्हायचं तर तोच लागतो आणि भारतात परत गेलं तर या दोन वर्षांच्या कागदाला कोणी विचारणार नाही. कोणी आधी सांगितलं नव्हतं. बाहेरच्या देशांतून आलेल्या किती जणींचं असं झालं, हे तिने मला फार उशिरा सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. रडली वगैरे नाही. नव्वदच्या सुमारास, पंचेचाळिशी उलटल्यावर, तिने कन्व्हर्जन कोर्स करून ते रजिस्ट्रेशन मिळवलं. तोपर्यंत वीसेक वर्षं तिने जास्त करून म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात नाइट ड्युटी केली.

आणि गॅलरी तिला त्या वॉर्डातच भेटली. ही गोष्ट तिच्या तोंडून मी बऱ्याचदा ऐकलीय. एक आजीबाई होत्या पेशंट, रात्री झोप लागायची नाही, त्या मावशीला लढाईच्या वेळच्या गोष्टी सांगायच्या. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा नॅशनल गॅलरीतली सगळी चित्रं काढून नेली होती, वेल्समध्ये मॅनॉड नावाच्या डोंगरात पाटीच्या दगडाची खाण आहे तिच्यात ती लपवून ठेवली होती. रिकाम्या दालनांत मायरा हेस नावाच्या पियानोवादक बाईंनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मैफली सुरू केल्या, 1939 पासून 1946 पर्यंत चालल्या त्या, एक शिलिंग देऊन कोणीही जाऊन बसायचं. त्या आजीबाई तेव्हा जवळच कुठेतरी टायपिस्ट होत्या, त्या जायच्या. मग लोक म्हणायला लागले की एखादं तरी चित्र बघायला मिळू दे, तेव्हा 1942 पासून गॅलरीने दर महिन्याला एकच चित्र आणून लावायला सुरुवात केली. सगळ्या बिल्डिंगमध्ये एक चित्र, आणि तेवढ्यासाठी माणसं यायची. आजीबाई म्हणाल्या नर्स, तू जा तिकडे, पैसे पडत नाहीत आणि आत ऊब असते.

मावशी गेली. सकाळी ड्युटी संपवून, युनिफॉर्मवर कोट चढवून, बसने चेअरिंग क्रॉस. एवढी मोठी बिल्डिंग बघून पहिल्यांदा तिला आतच जाववेना, दारावरच्या माणसाला विचारलं आत जाऊ का, तो म्हणाला, मॅडम, हे तुमचंच आहे. हे वाक्य ती इंग्रजीत सांगायची, तशीच मान हलवून. आत शिरली तर एकामागून एक दालनं, भिंतीच्या भिंती भरलेल्या, आता ती चित्रं डोंगरातून कधीच परत आलेली होती. तिला काही सुचेना, मग तिने आजीबाईंचं ऐकलं आणि ठरवलं की एका खेपेला एकच बघायचं. समोर बाकडं असेल असं चित्र निवडायचं, बसायचं, अर्धा तास बघायचं आणि बाहेर पडायचं. रूमवर जाऊन झोपायचं. मग आवडलं असेल तर त्याचं कार्ड घ्यायचं आणि पाकिटात घालून आईला पाठवायचं, मागे दोन ओळी लिहून. छत्तीस-सदतीस वर्षांत सव्वीस कार्डं. आईने ती ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली होती.

आता गॅलरीबद्दल नीट सांगते. 1824 ला सुरू झाली, अँगरस्टीन नावाच्या एका सावकाराची 38 चित्रं सरकारने विकत घेतली त्यापासून. स्क्वेअरवरची बिल्डिंग 1838 ची. आज तिथे 2300 च्या वर चित्रं आहेत, जवळजवळ सगळी युरोपातली, साधारण तेराव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंतची. म्हणजे भारतातलं काही बघायचं असेल तर इथे मिळणार नाही, त्यासाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला जा, तेही फ्रीच आहे. रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत. 24, 25, 26 डिसेंबर आणि 1 जानेवारीला बंद. सेन्सबरी विंग म्हणून बाजूची नवी बिल्डिंग 1991 ची, ती बरेच दिवस कामासाठी बंद होती, मे 2025 मध्ये परत उघडली, आम्ही त्यानंतर गेलो त्यामुळे सगळं नव्याने लावलेलं मिळालं. दारात बॅग चेक होते, मोठ्या बॅगा नेऊच नका. फोटो काढू देतात, फ्लॅश नाही मारायचा. बाकडी भरपूर आहेत, आणि हा पॉइंट मी मुद्दाम लिहितेय कारण म्युझियममध्ये बसायला जागा असणं किती मोठी गोष्ट आहे हे रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाला विचारा.

एकदा मावशी बाकड्यावर झोपली होती. चांगली तासभर. जाग आली तर समोरचा गार्ड, त्यांना तिकडे वॉर्डर म्हणायचे, दुसऱ्या लोकांना हाताने खूण करून बाजूने जायला सांगत होता. तिला त्या वॉर्डर शब्दाचं फार वाटायचं, म्हणायची आमचाही वॉर्ड आणि त्यांचाही वॉर्ड, दोघंही रात्रंदिवस कुणाला काही होऊ नये म्हणून उभे.

ज्या चित्रासमोर ती झोपली होती ते म्हणजे रेम्ब्रांट. स्वतःचं चित्र, वय 63, साल 1669, त्याच वर्षी तो गेला. हे आमचं पहिलं कार्ड. याच गॅलरीत त्याचं 34 व्या वर्षाचंही आहे, 1640 चं, त्यात झकपक कपडे, कठड्यावर हात टेकवून असा बघतोय की जग विकत घेईन, आणि मग हे म्हातारपणचं. मी फोनवर दोन्ही शंभर वेळा बघितली होती आणि मला काही विशेष वाटलं नव्हतं, खरं सांगते. समोर उभी राहिले आणि वेगळंच. डोळ्यांखालची सूज, नाकाचा बटाटा, गालाची सैल पडलेली कातडी, सगळं जाड रंगाने थापलेलं, आणि त्यातून तो माणूस आपल्याकडे बघतोय. कार्डाच्या मागे मावशीने लिहिलंय, "धाकले, हा बाबा आमच्या वॉर्डात शोभेल. पाय सुजले असणार याचे, तोंडावरून कळतंय. पण काही मागत नाही, नुसता बघतो. असे पेशंट लक्षात राहतात." तिथे एक गोष्ट कळली, या चित्राचे एक्सरे काढलेत आणि त्यात दिसतं की आधी त्याच्या हातात ब्रश रंगवला होता, नंतर तो काढून टाकून हात नुसते एकमेकांत धरलेले केले. मावशीला हे माहीत होतं का कोण जाणे. एक्सरेचं ऐकून तिला आनंद झाला असता एवढं नक्की.

यान व्हॅन आइकचं ते जोडप्याचं चित्र, 1434 चं, आर्नोल्फिनी पोर्ट्रेट. सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेलं असतं, हिरव्या गाऊनमधली बाई आणि मोठ्या काळ्या टोपीतला नवरा. प्रत्यक्षात केवढं लहान आहे, 82 बाय 60 सेंटीमीटर, आपल्या देवघरातल्या फोटोपेक्षा थोडं मोठं. मागच्या भिंतीवर गोल आरसा आहे, त्यात त्या दोघांची पाठ दिसते आणि दारातून आत येणारी आणखी दोन माणसं, आणि आरशाच्या वर चित्रकाराने लिहूनच ठेवलंय की यान व्हॅन आइक इथे होता. खिडकीत संत्री, झुंबरात एकच मेणबत्ती पेटलेली, पायाशी केसाळ कुत्रं. आमच्या शेजारी उभे असलेले सगळे एकच बोलत होते, प्रेग्नंट आहे का गं ही. माझ्या लेकीनेही तेच विचारलं. मी तिला कार्ड उलटं करून दाखवलं, 1969 चं, "सगळे म्हणतात पोटुशी आहे. अजिबात नाही. पोटुशी बाई अशी उभी राहत नाही, कमरेवर हात जातो. हिने नुसता घोळ उचलून धरलाय." आणि गॅलरीचंही हेच म्हणणं आहे, त्या काळच्या फॅशनचा भरपूर कापडाचा झगा आहे, तो तिने पुढे धरलाय. मिरजेत बाळंतपणं केलेल्या बाईला ते बघताक्षणी कळलं होतं. मला एवढा अभिमान वाटला की मी शेजारच्या एका पंजाबी काकूंना पण ते कार्ड दाखवलं.

क्विंटन मासेसची म्हातारी, साधारण 1513 ची, तिला लोक कुरूप सरदारीण म्हणतात, अग्ली डचेस. इथे लोक येतात, हसतात, सेल्फी घेतात. मोठं कपाळ, वरचा ओठ पुढे आलेला, सुरकुतलेली छाती घट्ट कपड्यात बांधलेली, आणि हातात गुलाबाची कळी. चित्रकाराने चेष्टेसाठीच काढलंय म्हणतात, म्हातारपणी नटणाऱ्या बाईची चेष्टा. काही डॉक्टरांनी असं सुचवलंय की हा पॅजेट्स डिसीज असेल, त्यात हाडं वेडीवाकडी वाढतात, चेहराही बदलतो. मावशीने ते डॉक्टरांचं कधी वाचलं असेल नसेल, पण तिचं कार्ड सगळ्यात लांबलचक आहे, बारीक अक्षरात, कडेने पण लिहिलंय. थोडंसं देते. "हिला हसू नको. माझ्या वॉर्डात एक होत्या, हाडाच्या आजाराने तोंड असं झालेलं. रोज सकाळी मी अंगावर पाणी घालून झालं की त्या आरसा मागायच्या आणि लिपस्टिक लावायच्या. मी धरायचे आरसा. कुणाला बघायला यायचं नव्हतं. ही कळी कुणासाठी धरलीय ते मला माहितीये." लेक वाचून गप्प बसली. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो आणि मला वाटतं सगळ्या ट्रिपमध्ये आम्ही दोघी तेवढा वेळ एका जागी कुठेच थांबलो नाही.

सनफ्लॉवर्स पण बघितली, व्हॅन गॉगची, 1888 ची. छान आहेत. गर्दी कायम असणार तिथे. मावशीचं त्याचं कार्ड नव्हतंच म्हणून आम्ही पुढे गेलो. कॉन्स्टेबलचं "द हे वेन" नावाचं चित्र, 1821, पाण्यात उभी गाडी, शेत, ढग, ते माझ्या नवऱ्याला सगळ्यात आवडलं, त्याचं बालपण कृष्णेच्या काठचं आहे, तो म्हणाला गाडीची चाकं अशीच पाण्यात भिजवायची असतात, लाकूड फुगतं आणि लोखंडी धाव घट्ट बसते. त्याच्यासाठी एवढं एक पुरलं, मग तो बाकड्यावर बसून राहिला आणि आम्हाला म्हणाला तुम्ही फिरून या.

लिओनार्डोचं मोठं चारकोल आणि खडूचं ड्रॉइंग आहे, मेरी, तिची आई अॅन आणि दोन बाळं, कागदावरचं म्हणून अंधुक उजेडात ठेवलेलं. 1962 ला ते इंग्लंडबाहेर विकलं जाईल म्हणून लोकांनी वर्गणी काढली आणि 8 लाख पौंडांना ते गॅलरीसाठी घेतलं. 1987 ला एक माणूस कोटात बंदूक लपवून आला आणि त्याने त्याच्यावर गोळी झाडली, काच फुटून त्या जागी कागदाचे बारीक बारीक तुकडे झाले. ते सगळे तुकडे जुळवून परत चिकटवायला वर्षाहून जास्त लागलं. मावशी ते परत लागल्यावर बघायला गेली होती, सुट्टी टाकून. कार्डावर फक्त "पेशंट डिस्चार्ज होऊन घरी आला. टाके कुठे घातले ते दिसत पण नाही, फार चांगला हात आहे कुणाचा तरी." मी चष्मा लावून शोधलं. खरंच दिसत नाही.

आता ज्याच्यासाठी मी मुख्य गेले होते ते. पीटर डे होख, डेल्फ्टमधल्या एका घराचं अंगण, 1658. फार प्रसिद्ध वगैरे नाहीये, लोक वर्मीर बघायच्या नादात पुढे निघून जातात. विटांचं अंगण, स्वच्छ झाडलेलं, खाली केरसुणी आणि बादली पडलीय. एक बाई लहान मुलीचा हात धरून उभी, दोघी एकमेकींकडे बघतायत. आणि डावीकडे कमानीतून बोळ जातो, त्याच्या टोकाला रस्ता, आणि त्या बोळात एक बाई उभी आहे, आपल्याकडे पाठ करून, बाहेर बघत. बस एवढंच चित्र.

1972 ला माझी आजी गेली. तार पोचली तेव्हा मावशी ड्युटीवर होती, आणि विमानाचं तिकीट म्हणजे तिच्या कित्येक महिन्यांचा पगार, आणि गेली असती तरी कधी पोचली असती. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रूमवर गेली नाही, इथे आली आणि या अंगणासमोर बसली, बसून राहिली, किती वेळ ते तिने सांगितलं नाही. हे कार्ड पाकिटाशिवाय आलं होतं, मागे पोस्टाचा शिक्का आहे, आणि लिहिलंय, "धाकले, आपलं अंगण. आईने आत्ताच झाडून केरसुणी ठेवलीय. लहान ती तू. मी बोळातली." सही पण नाही केली.

मी तिथे गेले तर समोरच्या बाकड्यावर दोन मुलं बसून फोन बघत होती, ती मला बघून उठली, मी काही म्हणाले पण नव्हते. आम्ही बसलो. लेकीला मी गोष्ट सांगितली नव्हती, कार्ड दिलं हातात. ती म्हणाली आई ती बाई बाहेर चाललीय की बाहेरून कोणी येतंय का ते बघतेय? मला सांगता आलं नाही. जवळ जाऊन बघितलं, लांबून बघितलं, खरंच कळत नाही. मावशीने 51 वर्षं हे चित्र बघितलं त्यानंतर, तिला काय वाटत असेल ते विचारायला हवं होतं. 2011 ला ती "एकच दाखवते" म्हणाली होती ते हेच असणार. दहा मिनिटं होती माझ्याकडे, नव्हती असं नाही.

जाऊ दे. टर्नरचं फायटिंग टेमेरेअर बघा, 1839 चं. हे जहाज 1805 च्या ट्रॅफल्गरच्या लढाईत होतं, म्हणजे ज्या लढाईच्या नावाने बाहेरचा चौक आहे तीच, आणि चित्रात त्याला एक काळी छोटी वाफेची बोट ओढून नेतेय, मोडीत काढायला. सूर्य मावळतोय. टर्नरने ते कधी कुणाला विकलं नाही, देशाला ठेवून गेला. आताच्या 20 पौंडाच्या नोटेवर टर्नर आणि त्याच्या मागे हेच जहाज आहे, आम्ही नोट काढून समोर धरून बघितलं. मावशी 2004 ला रिटायर झाली त्या दिवशीचं हे शेवटचं कार्ड, मागे तारीख आणि "सुटले" एवढा एक शब्द. पण तिचा तो सुटले म्हणजे दमलेला नाही वाटत, अक्षर मोठं आहे, खाली दोन रेघा मारल्यात.

ती रिटायर झाल्यावर वारंवार जायला लागली, आठवड्यातून दोनदा तरी. शुक्रवारी रात्री जायची, म्हणायची नाइट ड्युटीची सवय गेली नाही. कोणी नवीन मराठी मुलगी नर्सिंगला आली की तिला घेऊन जायची आणि एकच चित्र दाखवायची, मग चहा. अंत्यविधीला अशा अकरा जणी आल्या होत्या, काही आता स्वतः रिटायर झालेल्या. प्रत्येकीने आपापलं चित्र सांगितलं मला. मी लिहून घेतलं.

एक गोष्ट मला कार्डांवरूनच कळली, ती म्हणजे गॅलरी कायमच फ्री नव्हती. 1974 च्या सुरुवातीला दोन-तीन महिने तिथल्या सरकारने म्युझियमला तिकीट लावलं होतं, मग सरकार बदललं आणि ते काढलं. मावशीचं त्या वेळचं एक कार्ड आहे, दुसऱ्याच कुठल्या तरी पोस्टातलं, लंडनच्या पुलाचं, मागे लिहिलंय, "आता दारात पैसे घेतात. जास्त नाहीत पण मी गेले नाही. दिले तर परत परत यायचं कसं?" मला वाटतं या रिव्ह्यूमध्ये मला जे सांगायचंय ते सगळं त्या प्रश्नात आहे. तिकीट असलं की माणूस पैसे वसूल करायला सगळं बघतो, चार तास पाय ओढत फिरतो आणि संध्याकाळी त्याला काही आठवत नाही. फ्री आहे म्हणून तिला एकच बघून निघता आलं. मी गेले तेव्हा मलाही सव्वीसच्या सव्वीस करायचे होते आणि चौथ्याला कळलं की हे चुकतंय, मग आम्ही तीन दिवस थोडं थोडं गेलो, ट्यूबने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, लेस्टर स्क्वेअर किंवा चेअरिंग क्रॉसला उतरायचं, दोन मिनिटांवर आहे. तुम्हाला दोनच दिवस असतील लंडनमध्ये तर एका सकाळी दहाला जा, तीन चित्रं ठरवून जा, अकराला बाहेर. मुलं बरोबर असतील तर होल्बाइनचं अॅम्बॅसेडर्स दाखवा, 1533 चं, दोन बडे लोक उभे आहेत आणि खाली जमिनीवर काहीतरी तिरपी पांढरी पट्टी दिसते, चित्राच्या उजव्या कडेला जाऊन एका बाजूने बघितलं की ती कवटी होते. माझी लेक सतरा वर्षांची आहे, तरी चार वेळा गेली त्या कडेला.

खायला आत कॅफे आहे, आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन गेलो होतो ती बाहेर पायऱ्यांवर बसून खाल्ली, समोर स्क्वेअर, उजेड नऊ वाजेपर्यंत. शॉपमध्ये घेण्यासारखं खूप आहे, पण कार्डंच घ्या, सगळ्यात स्वस्त आणि बॅगेत जागा लागत नाही. डे होखचं मी तीन घेतलं.

परत आल्यावर मी आणि आई औंधला जाऊन आलो. तिथलं यमाईच्या डोंगरावरचं म्युझियम बघितलं नसेल तर जरूर बघा, सातारा भागातल्या लोकांनाही माहीत नसतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी 1938 ला ते उभं केलं, राजा रविवर्मांची मूळ चित्रं आहेत, युरोपातल्या मोठ्या चित्रांच्या नकला आहेत, आणि हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे, हो तोच इंग्लंडचा प्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर, आपल्या औंधात. आई म्हणाली शाळेतून आम्हाला आणायचे, बाकीच्या पोरी पळत पुढे जायच्या आणि ताई त्या दगडासमोर उभी राहायची, मास्तर ओढून न्यायचे. मावशीने लंडनमध्ये टेट गॅलरीत मूरची शिल्पं बघितली तेव्हा आईला लिहिलं होतं, हा तर आपला औंधचा माणूस निघाला. म्हणजे लोक म्हणतात ना की लंडनला जाऊन तिला चित्रांची आवड लागली, तसं झालेलं नाही, ती आवड घेऊनच गेली होती, ट्रंकेत चटणीबरोबर.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी पाच. सव्वीस कार्डांमधली एकोणीस चित्रं आम्हाला बघायला मिळाली, पुलाचं कार्ड धरायचं नाही, म्हणजे सहा राहिली, आमचाच वेळ संपला. त्यातलं एक पिएरो दि कोसिमोचं आहे, साधारण 1495 चं, आडवं लांबट, एक मुलगी मरून पडलीय, गळ्यावर आणि हातावर जखमा, उशाशी अर्धा माणूस अर्धा बोकड असा एक जण गुडघ्यावर बसून तिच्या खांद्याला हात लावतोय. पायाशी एक तपकिरी कुत्रा बसलाय. मावशीने मागे जखमांबद्दल काहीच लिहिलेलं नाही, फक्त "कुत्र्याचं तोंड बघ". कार्डावर ते तोंड नखाएवढं आहे, काही कळत नाही. कोणी जाणार असाल तर समोर बसून नीट बघा आणि मला सांगा.